विश्लेषण : महागडा गेमिंग मॉनिटर घेतला, तरी लॅग का जात नाही?

१४४ हर्ट्झ, १ मिलिसेकंद, जी-सिंक किंवा फ्रीसिंक. गेमिंग मॉनिटरच्या बॉक्सवर हे शब्द ठळक छापलेले असतात. ते वाचून जादा पैसे मोजले जातात. तरीही माऊसचं बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटल्यासारखी वाटते. मॉनिटर खराब निघाला का? बहुतेक वेळा नाही.

मुळात अडचण काय होती?

साधा मॉनिटर ठरावीक वेगाने चित्र बदलतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी, १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी. ग्राफिक्स कार्डाचा वेग मात्र सतत कमी-जास्त होतो. ताळमेळ चुकला की स्क्रीनवर अर्धी एक फ्रेम आणि अर्धी दुसरी दिसते. हेच टेअरिंग.

यावर जुना उपाय म्हणजे व्ही-सिंक. त्यात तयार फ्रेम मॉनिटरची पुढची पाळी येईपर्यंत थांबते. चित्र फाटत नाही, पण इनपुट लॅग वाढतो. म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर परिणाम दिसेपर्यंत जास्त वेळ जातो.

मग नवं काय आलं?

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये हा क्रम उलटला. फ्रेम तयार झाली की मॉनिटर चित्र बदलतो. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, पण त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल लागायचं, त्यामुळे किंमत वाढायची. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने डिस्प्लेपोर्टच्या मानकात अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा समावेश केला. एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर २०१५ मध्ये बाजारात आले. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरवर चालू लागली आणि ही सोय स्वस्त मॉनिटरपर्यंत पोहोचली.

तरी लॅग का राहतो?

पहिलं कारण, या सोयीला मर्यादा आहे. समजा मॉनिटरची रेंज ४८ ते १४४ हर्ट्झ आहे आणि गेम २०० फ्रेमने चालतोय. १४४ च्या वर गेलं की पुन्हा व्ही-सिंकची वाट पाहणं किंवा टेअरिंग. उपाय फुकट आहे: गेममध्ये फ्रेमची मर्यादा १४० च्या आसपास ठेवायची.

दुसरं, ग्राफिक्स कार्डावर पूर्ण ताण आला की प्रोसेसरकडून आलेलं काम रांगेत साचतं. एनव्हिडियाचं रिफ्लेक्स ही रांग कमी करतं, पण गेममध्ये तशी सोय असावी लागते.

तिसरं, बॉक्सवरचा ‘१ मिलिसेकंद’ हा पिक्सेलचा रंग बदलण्याचा वेळ आहे. त्याचा अर्थ इनपुट लॅग १ मिलिसेकंद असा होत नाही.

पैसे खर्च करण्याआधी काय पाहावं?

मॉनिटर आधीच घरात असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट तपासावा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर अनेकदा ६० वरच चालत असतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरच्या मेन्यूमध्ये आणि ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्येही सुरू असावं लागतं.

नवा घ्यायचा असेल, तर आपल्या कार्डावर गेम किती फ्रेमने चालतो, ते आधी पाहावं. ४० फ्रेम मिळत असतील, तर नवी फ्रेम सरासरी २५ मिलिसेकंदांनीच येणार. मॉनिटर तिची वाट पाहू शकतो, तिला लवकर आणू शकत नाही. अशा वेळी ग्राफिक्स सेटिंग कमी केली, तर फरक लगेच जाणवेल आणि त्यासाठी रुपयाही लागणार नाही.