बूस्टर चुकवू नका: डांग्या खोकल्याचे विष पेशीत काय करते



मांजरीत आपल्या वस्त्यांच्या उशाशीच सीरम इन्स्टिट्यूटचा मोठा परिसर आहे. जगभरातल्या बाळांना टोचली जाणारी पेंटा लस बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत तिचे नाव आहे. पण लसीचा कारखाना दाराशी असला म्हणून लस आपल्या बाळाच्या अंगात जात नाही. विहारातल्या बैठकीत मी बाळांची कार्डे मागते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसांची नोंद बहुधा असते. पुढची दीड वर्षाची आणि पाच वर्षांची जागा मात्र अनेकदा कोरी. "मागच्या वेळी पोराला ताप आला, रात्रभर रडलं, माझा रोज बुडाला," असे आई सांगते. तिचे म्हणणे खोटे नाही. तरीही ती कोरी जागा धोक्याची आहे. का, ते आज सांगते.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर निरोप घेणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतात. दारावरची कडी समजा. बाहेर कडी वाजली की आतला निरोप्या हलतो. त्याचे नाव जी-प्रथिन. असे निरोपे अनेक. त्यातला एक सांगतो "काम सुरू कर", दुसरा सांगतो "आता थांब". या जी-प्रथिनांच्या शोधासाठी १९९४ साली आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना नोबेल मिळाले. ग्राहींच्या अभ्यासासाठी २०१२ साली रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना मिळाले. दम्याचा पंप आणि रक्तदाबाच्या कितीतरी गोळ्या याच कड्यांवर काम करतात.

डांग्या खोकल्याचा जंतू एक विष सोडतो. ते पेशीत शिरून "थांब" सांगणाऱ्या निरोप्यालाच जायबंदी करते. कडी वाजते, पण निरोप आत पोचत नाही. पांढऱ्या पेशी हे आपल्या शरीराचे पहारेकरी. जंतू कुठे बसला आहे, हा निरोपही त्यांना याच वाटेने मिळतो. ती वाट तुटली की त्या रक्तातच फिरत राहतात. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी भरमसाठ दिसतात, पण जिथे जंतू आहे तिथे वेळेवर पोचत नाहीत. पटकीचे विष याच्या उलट करते. ते "सुरू कर" म्हणणाऱ्याला सुरूच ठेवते, म्हणून आतड्यातून पाणी वाहत सुटते.

डांग्या खोकल्यात औषधाने जंतू मरतो, पण झालेली नासधूस लगेच भरत नाही. खोकला कित्येक आठवडे पाठ सोडत नाही. तान्ह्या बाळाला तर ढास लागल्याचा आवाजही येत नाही. त्याचा श्वासच अडकतो. वॉर्डात असताना दोन महिन्यांचे बाळ निळे पडताना मी पाहिले आहे. घरच्यांनी नजर लागली म्हणून दोन दिवस अंगाऱ्यात घालवले होते. बुद्धांनी आपल्याला शिकवले की कारणाशिवाय काही घडत नाही. इथे कारण नजर नाही, जंतू आहे, आणि त्याचे विष कुठे जाऊन काय करते हेही आता माणसाला ठाऊक आहे. हे ज्ञान आपल्या घरात आले नाही तर बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ करून काय उपयोग?

लस शरीराला या जंतूची ओळख आधीच करून देते. पण ही ओळख काही वर्षांत पुसट होते, म्हणून १६ ते २४ महिन्यांत एक आणि ५ ते ६ वर्षांत दुसरा, असे त्रिगुणी लसीचे दोन बूस्टर आहेत. दोन्ही सरकारी केंद्रात मोफत. डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला तेवढाच घ्यायचा. एक-दोन दिवस ताप येणे, मांडी दुखणे हे शरीर धडा शिकत असल्याचे लक्षण आहे. तापाचे औषध किती द्यायचे ते सिस्टरला विचारा. ताप उतरत नसेल किंवा बाळ सुस्त पडले तर लगेच दवाखाना गाठा. घरात कुणाला खोकला असेल तर त्याने तान्ह्या बाळाजवळ जाऊ नये, कारण पहिल्या डोसाआधीचे बाळ सर्वांत उघडे असते.

मात्र सगळा दोष आईवर ढकलायला मी तयार नाही. बांधकामावर जाणारी बाई सकाळी अकराला लसीकरणाला येणार कशी? २०२१ साली मांजरी बुद्रुक महापालिकेत आली. आता आपली मागणी स्पष्ट हवी: लसीकरण वस्तीत, विहाराच्या आवारात, संध्याकाळी किंवा रविवारी व्हावे. जागा आपण देऊ, आयांना आपण बोलावू.

बाबासाहेब आणि रमाईंची पाच लेकरे. त्यातली चार लहानपणीच गेली. त्या काळी या लसी नव्हत्या. आज आहेत, आणि आपल्याच गावात बनतात. येत्या पौर्णिमेला विहारात येताना बाळाचे कार्ड सोबत आणा. कोरी जागा आपण मिळून भरू.

नमो बुद्धाय, जय भीम!