शोकाला गुण किती?

शोककविता शिकवून झाली की फळ्यावर प्रश्न उमटतात : रस ओळखा, अलंकार सांगा, मध्यवर्ती कल्पना पाच ओळींत लिहा. विद्यार्थी ‘करुण रस’ असे उत्तर लिहितात, गुण मिळवितात आणि पुढचा पाठ सुरू होतो. आमच्या मते ही कवितेची उत्तरक्रियाच होय.

बीदर-कलबुर्गी या सीमाभागातील मराठी शाळांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच गंभीर ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप या भागाच्या उंबरठ्यावर झाला. कोविडने भारतात झालेला पहिला मृत्यू मार्च २०२० मध्ये नोंदला गेला तो कलबुर्गीतच. तेथील वर्गात शोक केवळ पाठ्यपुस्तकातून येत नाही. भालकी-औरादकडील मराठी मुलाच्या कानांवर शेजारी कन्नड आणि बाजारात दखनी पडते. घरातले माणूस गेले की त्याची आई मात्र मराठीतच रडते. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ मधील माता आपले मूल गेले हे मान्यच करीत नाही. ते निजले आहे, असेच ती सांगत राहते. असा आकांत ज्याने घरी ऐकला आहे, त्याला रसाचे नाव शिकवून काय साधणार?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याची विभागणी झाली. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले; भालकी-औराद म्हैसूर राज्यात आले. त्याच दिवशी घटनेतील ३५०-अ हे कलम अमलात आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकविण्याची सोय करावी, असे ते राज्यांना सांगते. परंतु प्राथमिक शिक्षणापुरतेच. म्हणजे अक्षरे गिरविण्याच्या वयात मातृभाषेची तरतूद आहे, आणि दुःख उमगू लागण्याच्या वयात ती संस्थांच्या चिकाटीवर व शासनाच्या सदिच्छेवर सोडलेली आहे. हा विपर्यास नव्हे काय?

कायद्यात बदल होईल तेव्हा होवो. शिक्षकाचे हात आजही मोकळे आहेत. त्याने कविता प्रथम नुसती वाचावी व क्षणभर थांबावे. कोणाही मुलाला घरचे दुःख सांगावयास लावू नये. कोणी आपणहून सांगितले तर मात्र घड्याळाकडे न पाहता ऐकावे. प्रश्नोत्तरे दुसऱ्या दिवशीही होऊ शकतात. पोर्तुगीज अमदानीत राजाश्रय नसतानाही गोमंतकीयांनी खासगी शाळांतून आणि भजनांतून मराठी राखली. म्हणूनच बीदरच्या वर्गातील हा प्रश्न आम्हांस परका वाटत नाही.