लाठीआधीचा शब्द

जमाव पांगवण्याविषयीचा कायदा भाषेच्या अध्यापकांनी एकदा तरी वाचावा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १२९ पाहा, किंवा १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १४८ पाहा. क्रम तोच आहे. आधी पांगण्याचा आदेश. तो मानला गेला नाही, किंवा न हटण्याचा निर्धारच दिसला, तर बळ. म्हणजे कायद्यानेही पहिला मान शब्दाला दिला आहे. मग लाठीची जशी कवायत होते, तशी शब्दाचीही व्हायला हवी, असे आमचे मत आहे.

‘ए, चल, हो बाजूला’ आणि ‘दादा, जरा इकडे या, काय झालं ते सांगा’ या दोन वाक्यांतला फरक केवळ व्याकरणाचा नाही, समोरच्याच्या प्रतिष्ठेचा आहे. चारचौघांत अपमान झालेला माणूस मागे हटत नाही. त्याला मागे हटण्यासाठी सन्मानाची वाट ठेवावी लागते. सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि माणूस संतापतो तो घरच्या भाषेत. ती समजणारा शिपाई अर्धे भांडण तिथेच मिटवू शकतो.

पिसाळलेला जमाव ऐकतो कुठे, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर आपल्यासारख्याच एका यंत्रमागांच्या गावाने दिले आहे. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि त्या भागातले पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले, किरकोळ तक्रारींवरही बोलू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. ऐन क्षणी उच्चारलेला शब्द कामी येतो तो आधीच्या संवादाच्या पुण्याईवर.

मे १९३० मधला गोळीबार आणि मार्शल लॉ सोलापूर विसरलेले नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांचे पुतळे आजही शहरात उभे आहेत. परकीय सत्तेच्या पोलिसाला जनतेची समजूत घालण्याचे बंधन नव्हते. लोकशाहीतल्या पोलिसाला ते आहे.

आमच्या वर्गातली कित्येक मुले-मुली पदवीसोबत पोलीस भरतीची तयारी करतात. त्यांना आम्ही संवादलेखन शिकवतो ते परीक्षेतल्या गुणांपुरते. ऐकणे, आवाजाची पट्टी, संबोधन, मौन ही खरे तर आमच्याच विषयाची अंगे आहेत. केगावचे पोलीस प्रशिक्षण केंद्र शहरापासून दूर नाही. मराठी विभागांनी तिथे जाऊन प्रसंगनाट्यातून हा सराव घेण्याची तयारी दाखवावी. साहित्याचा समाजाशी काय संबंध, यावर निबंध पुष्कळ लिहून झाले आहेत.