परिसर अभ्यास, खिडक्या बंद करून

परवा बाजारात दिवाळीचा किल्ला तयार मिळताना पाहिला. प्लास्टरचा, रंगवलेला, बुरुजांसकट. आईबाप घासाघीस करीत होते आणि मूल बाजूला उभे होते. वाचकहो, तुमच्याही दारात कदाचित तसलाच असेल. सणाच्या दिवशी कडू बोलतो म्हणून रागावू नका. पण मातीचा किल्ला करताना आम्ही जो भूगोल शिकलो, तो पुढे कुठल्याही वर्गात शिकलो नाही. उतार फार झाला की पाणी माती घेऊन खाली येते, भुसभुशीत मातीचा बुरुज रात्रीतून बसतो, ओल टिकते तिथेच आळीव आधी उगवते, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

मी भूगोलाचा मास्तर. पस्तीस वर्षे खडू झिजवला. तेव्हा फिर्याद आधी माझ्याच नावाने.

१९८६ साली मी कुकडीकाठच्या एका शाळेत होतो. निघोजचे कुंड तिथून चालत तासाभराच्या वाटेवर. काळ्या खडकात नदीने कोरलेले ते रांजणखळगे पाहायला माणसे लांबलांबून येतात. मी काय केले? फळ्यावर आकृती काढली, टिपण सांगितले आणि धडा संपवला. परीक्षेत प्रश्न आला : रांजणखळगे कसे तयार होतात? एका मेंढपाळाच्या मुलाने लिहिले, “भवऱ्यात गोटे आडकत्यात, फिरून फिरून खडक खात्यात, आन् सोताबी गोल व्हत्यात.”

तीनपैकी मी एक गुण दिला. ‘अपघर्षण’ हा शब्द नव्हता ना! ज्याने तो शब्द घोकून लिहिला आणि आकृतीत खळग्याचे तोंड खाली काढले, त्याला दोन. मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, मी पाह्यलंय.” मी म्हणालो, “पुस्तकात काय आहे ते लिहीत जा.” गोटे स्वतःही गोल होतात, हे तर माझ्या टिपणातसुद्धा नव्हते.

पुढल्या वर्षी तो शाळेत आला नाही. मेंढ्यांमागे गेला. माझ्या गुणांमुळे गेला असे मी म्हणत नाही, घरची ओढाताण होतीच. पण तुला जे येते ते ज्ञान नव्हे, एवढे मात्र शाळेने त्याला नीट शिकवून पाठवले होते.

आमच्या प्राथमिक शाळांत ‘परिसर अभ्यास’ नावाचा विषय आहे. तो शिकवताना गोंगाट नको म्हणून खिडक्या लावून घेतात! सहल असतेच की, असे कोणी म्हणेल. असते. बसमध्ये भेंड्या, उतरल्यावर डबा, निघताना रांगेतला फोटो. आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. एकादश्यासुद्धा वर्षाला चोवीस येतात हो!

आणि हे काही परदेशातून आणायचे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडले, १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात गेली, तिचे नावच कुरणशाळा. आम्ही त्यांच्या जयंत्या केल्या आणि मुलांना बाकांवर बसवून भाषणे ऐकवली.

१९८७ साली, उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी उतरल्यावर, मी वर्ग घेऊन कुंडावर गेलो. गावातली दोन जाणती माणसे आणि एक दोर बरोबर. मुलांनी उथळ खळग्यांत हात घालून गोटे काढले. एकीने विचारले, “हे व्हायला किती वर्षं लागली?” खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हे मला सांगता आले. खळग्याचे वय सांगता येईना. मास्तर ‘माहीत नाही’ म्हणतो, हे वर्गाने पहिल्यांदाच ऐकले आणि मग प्रश्नांचा जो पूर लोटला!

एकाचा गुडघा खरचटला. दुसऱ्या दिवशी पालक दारात. वरून लेखी खुलाशाची मागणी. अभ्यासक्रम दोन धडे मागे पडला, तोही गुन्हा माझ्या खाती.

नदीवर धोका असतो, हे पालकांचे म्हणणे खरे आहे. मी ते हसण्यावारी नेत नाही, ते कुंड खोल आहेत. पण तीच मुले मे महिन्यात आम्हां कोणाला न विचारता डुंबायला जातात, ते कोणाच्या भरवशावर? कोणता काठ शेवाळलेला, कुठे पाणी ओढते, हे आमच्या वर्गात एकालाच ठाऊक होते. आम्ही दोर धरून उतरलो त्या दिवशी तो पल्याडच्या माळावर मेंढ्यांमागे उभा राहून आमच्याकडे पाहत होता. मी हात केला. तो आला नाही.