मुलाखत की सोयरीक?

परवा जठारपेठेत एका ओळखीच्या दुकानात हिशेबनिसाच्या जागेसाठी मुलाखती होत्या. मालक म्हणाले, "तुम्ही शिकलेले, बसा बाजूला." बसलो.

मूर्तिजापूरकडची एक मुलगी आली. बी.कॉम., दोन वर्षांचा अनुभव. पहिला प्रश्न, "कोणत्या गावची वं तू?" दुसरा, वडील काय करतात. तिसरा, "लग्न जमलं का?" आणि मग एकदम साहेबी थाटात, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? बिचारी गप्प. ती गेल्यावर शेरा आला, "पोट्टी दबकी आहे." जीएसटीबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. मीसुद्धा नाही! म्हणून हे लिहितोय, स्वतःवरच चिडून.

अहो, ही मुलाखत की सोयरीक?

"माणूस पाहिल्याबरोबर कळतो" हा आपला लाडका भ्रम. कळतं ते एवढंच, की समोरचा आपल्यासारखा बोलतो का. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंदच केल्या. दुकानदाराने तसं करावं असं मी म्हणत नाही. प्रश्न बदला, इतकंच. निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाची पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली फेरतपासणी केली. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत त्यात सर्वांत वर निघाली. गप्पांची मुलाखत बरीच खाली.

मग विचारायचं काय? "जीएसटीआर-२बी आणि आपली खरेदी जुळत नसेल, तर आधी काय तपासाल?" "गल्ला कमी भरला असं कधी झालं का? तेव्हा काय केलंत?" चांगलं उत्तर कोणतं, ते आधीच कागदावर लिहून ठेवा. मग दहा बिलं द्या आणि टॅलीत चढवायला सांगा. अर्ध्या तासात दूध का दूध.

आमचे काका म्हणतील, "अरे, तिजोरीची किल्ली द्यायची, घराणं नको पाहायला?" काका, गावाच्या नावावरून प्रामाणिकपणा कळत नाही. आधीच्या मालकाला फोन केला तर थोडाफार कळतो.

काल मालकांना म्हटलं, त्या मुलीला बिलं घेऊन पुन्हा बसवा. "पाहू," म्हणाले.

पाहू म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहेच. पण या वेळी मी पिच्छा सोडणार नाही.