माय-बापाची नोंद

वऱ्हाडात बाप गेला की पोरांपुढे दोन कामं येतात. एक तेरवीचं, दुसरं तलाठ्याकडचं. तेरवी वेळेवर होते. गाव जेवतं, चौकात फ्लेक्स लागतो, वर्षभराने पेपरात 'प्रथम पुण्यस्मरण' छापून येतं. तलाठ्याकडचं काम मात्र राहून जातं. अकोट तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या, आजोबाच्याच नावावर सातबारा असलेली घरं सापडतील. आजोबा गेले, बापही गेला, नातू वावर वाहतो आणि कागदावर अजून आजोबाच शेतकरी. मग पीककर्ज अडतं, विमा अडतो, भावाभावांत धुसफूस सुरू होते. 2025 च्या मार्चमध्ये शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावून देण्याची मोहीम निघाली, आणि एप्रिलपासून ती राज्यभर गेली. तिचं नाव 'जिवंत सातबारा'. सरकारी मोहिमेला इतकं नेमकं नाव क्वचित मिळतं. बापाने ज्या वावरासाठी हाडं झिजवली त्याचे कागद नीट करून ठेवणं, हे मला श्राद्धाच्याच तोलाचं काम वाटतं.

तेरवीचा विषय निघाला की या भागात गाडगेबाबांना टाळून पुढे जाता येत नाही. अकोटच्या पूर्वेला अंजनगाव सुर्जी, आणि त्या तालुक्यातलं शेंडगाव हे त्यांचं जन्मगाव. तेव्हा ते डेबू होते. डेबू लहान असतानाच बाप झिंगराजी दारूपायी गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, दापुऱ्याला, येऊन राहिली. पुढे डेबूच्या लेकीचं बारसं निघालं तेव्हा जातरितीप्रमाणे दारू-मटणाचं जेवण व्हायचं होतं. डेबूने गोडाचं जेवण घातलं. जातभाई नाराज झाले, तो हटला नाही. ज्या गोष्टीने बाप नेला ती आपल्या पंगतीत येऊ द्यायची नाही, हा त्याचा निर्धार होता. बापाची आठवण ठेवण्याचा याहून खरा प्रकार मला ठाऊक नाही. कर्ज काढून दिवस-तेरव्या करू नका, हे बाबा पुढे जन्मभर सांगत हिंडले. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या अखेरच्या दिवसांतलं वांद्र्याचं कीर्तन कोणीतरी ध्वनिमुद्रित केलं म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकता येतो.

बापाचं नाव निदान कागदावर तरी असतं. ते आपल्या स्वतःच्या नावातही असतं. शाळेचा दाखला, पासबुक, मतदार यादी, जिथे जिथे आपलं पूर्ण नाव तिथे मधोमध बाप. मायला ही जागा नव्हती. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव लावायचं, असं राज्य सरकारने ठरवलं. फार चांगलं झालं. पण ज्या माया आधीच निघून गेल्या त्यांचं काय? आपल्या आजीचं माहेरचं नाव काय होतं, हे दिवाळीला जमलेल्या घरात विचारून पाहा. ती कुठल्या गावची, हे सांगता येतं. नावापाशी बहुतेक घरं अडतात.

म्हणून सोपानदेव चौधरींचा मला फार आदर वाटतो. त्यांची माय, बहिणाबाई, 1880 मध्ये जळगावजवळच्या असोद्याला जन्मली. अक्षरओळख नव्हती. तिशीत कपाळ पांढरं झालं, पदरात लेकरं होती, शेत होतं. जात्यावर, वावरात, चुलीपुढे तिला गाणं सुचायचं आणि तिथेच विरून जायचं. सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी कानावर आलं ते वहीत उतरवलं. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये गाण्यांचं पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. तरी त्यांचं सगळ्यात मोठं काम ती वही, असंच मी मानतो. वहीत जेवढं उतरलं तेवढं महाराष्ट्राला मिळालं. जे उतरलं नाही ते मायसोबत गेलं.

जळगावाहून मलकापूर, शेगाव करत आपल्याकडे येताना बोली हळूहळू बदलत येते, एकदम तुटत नाही. तसंच गाण्यांचंही. आपल्या मायाही जात्यावर बसल्या, वेचणीला गेल्या, कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत खिरापती ओळखत राहिल्या. त्यांच्यातली प्रत्येक जण बहिणाबाई नसेल. पण प्रत्येकीजवळ असं काहीतरी होतं जे दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं.

पाण्याचंच बघा. आपल्या तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहीर खणली तरी पाणी खारट. वाण प्रकल्पावरच्या 84 खेडी योजनेचं गोडं पाणी येण्याआधी ते कुठून आणलं जाई, किती अंतरावरून, एका खेपेत किती गुंड, पोटुशी बाई काय करी, डाळ शिजत नसे तेव्हा स्वयंपाक कसा उरकत असे? या प्रश्नांची उत्तरं सत्तरी ओलांडलेल्या बायांजवळ आहेत. अकोली जहागीरच्या कोरड्या विहिरीला गजानन महाराजांनी पाणी आणलं ही कथा आपल्याकडे लहान लेकरूही सांगतं, कारण दासगणूंनी ती 'गजानन विजय'मध्ये लिहून ठेवली. त्याच शिवारात डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बायांचं मात्र कोणी लिहिलं नाही.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती दिवाळीच्या तोंडावरच बोलली पाहिजे. वारसनोंदीत लेकीचं नाव येतं. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत तिचा लेकाइतकाच हक्क झाला. तरी बाप गेल्यावर काही दिवसांतच तिच्यापुढे हक्कसोडपत्र येतं. ती सही करते, कारण माहेर तुटेल याची धास्ती असते. अशा सहीला राजीखुशी म्हणू नये. भाऊबीजेला जिच्याकडून ओवाळून घ्यायचं, तिलाच बापाच्या वारसांतून पुसून टाकायचं, आणि वर त्याच बापाचं पुण्यस्मरण करायचं, हे मला पटत नाही.

दिवाळी गेलेल्यांचीही असते. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमदीप लावतात. कार्तिकात उंच टांगायचा आकाशदिवा मुळात पितरांना वाट दिसावी म्हणून. त्याच भावनेने यंदाचा हा दिवाळी अंक माय-बापांच्या आठवणींना दिला आहे. वाचकांनी पाठवलेल्या मजकुरात माय जशी बोलली तशीच ठेवली आहे. तिच्या वऱ्हाडीला प्रमाण मराठीचं इस्त्रीचं लुगडं नेसवलेलं नाही. काही लेख जेमतेम पानभराचे आहेत. एकात फक्त रोडगे कसे भाजायचे आणि राखेतून कधी काढायचे, एवढंच आहे. तो मी सगळ्यात आधी लावला.

ज्यांचे आई-वडील आज घरात आहेत त्यांना एक विनंती. मोबाईल सगळ्यांजवळ आहे. सांजच्याला, वेचणीहून आल्यावर, त्यांना बोलतं करा आणि ते आवाजासकट ठेवा. कोणत्या वावराला काय म्हणत, कापूस अकोटच्या बाजारात बंडीने न्यायला किती वेळ लागे, कोणत्या दुष्काळात काय खाल्लं. जुन्या फोटोंची पेटी खाली काढा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलने नावं लिहा, गाव लिहा. हे काम बहिणी माहेरी आहेत तोवर उरकून घ्या. त्या फोटोंतल्या मावश्या, आत्या, मामेबहिणी त्यांनाच जास्त ओळखू येतात.