बंदूक दिली कोणी?

वरातीत उडालेल्या गोळीचे प्रकरण जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या अनेकांनी कधी ना कधी हाताळलेले असते. माझ्या वाट्याला आलेल्या प्रकरणात बारा बोअरची दुनळी नवरदेवाच्या मामाची होती, परवानाही मामाचाच. गोळी मात्र झाडली भाचेजावयाने. त्याच्याकडे परवाना नव्हता, आणि संध्याकाळपासून त्याची बैठकही झालेली होती. गेला तो ताशेवाला. मी मूळ फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांना साहाय्य करत होतो. भाचेजावयाला शिक्षा होईपर्यंत सहा वर्षे गेली. निकालाच्या दिवशी ताशेवाल्याची बायको व्हरांड्यात म्हणाली, "साहेब, बंदूक तर मामांनीच काढून दिली होती. त्यांच्याकडून आम्हाला काही मिळायचं नाही का?" मला मुदत कायद्याचा अनुच्छेद ८२ आठवला आणि दुसऱ्या कोर्टात पुकारा झाल्याचे सांगून मी निघालो. पुकारा झाला नव्हता.

फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट १८५५ सालचा. दुसऱ्याच्या अपकृत्याने माणूस दगावला, तर त्याची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुले यांच्यासाठी भरपाईचा दावा लावता येतो, आणि ते कृत्य गुन्हाही ठरत असले तरी दावा अडत नाही, असे तो कायदा स्वच्छ सांगतो. मुदत मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षे. दोन वर्षांत सेशन्स केसमध्ये आरोप निश्चित झाले तरी आपण समाधान मानतो. तेव्हा आधी फौजदारी निकाल लागू द्या, मग बघू, हा आपला नेहमीचा सल्ला म्हणजे दावा बुडवण्याचा खात्रीचा मार्ग. तो मी दिला होता.

हत्यार देणाऱ्याने पैशाने भरून द्यावे, ही कल्पना नवी नाही. डिक्सन विरुद्ध बेल हा १८१६ सालचा इंग्लिश निवाडा आपण अपकृत्यांच्या पेपरसाठी पाठ केला आणि विसरलो. बेलने आपली भरलेली बंदूक आणायला तेरा-चौदा वर्षांच्या मोलकरणीला पाठवले. बंदुकीची रंजक काढून मगच ती मुलीच्या हाती द्यावी, असा निरोप त्याने आधी घरमालकाला दिला होता आणि घरमालकाने ती काढलीही होती. तरी पोरीने खेळाखेळात एका मुलावर बंदूक रोखून चाप ओढला. मुलाचा उजवा डोळा आणि दोन दात गेले. बेलच्या अंगावर शंभर पौंड बसले. चाप मी ओढला नाही आणि मी खबरदारीही घेतली होती, हे दोन्ही बचाव त्याच्या कामी आले नाहीत.

विक्रेत्यांच्या बाबतीत या विचाराचा कस लागला तो अमेरिकेत, आणि तोही विक्रेत्यांच्या हाती ढाल दिल्यावर. ऑक्टोबर २००५ मध्ये तिथल्या काँग्रेसने कायदा करून, बंदुकीचा तिऱ्हाइताने गुन्ह्यासाठी वापर केला म्हणून उत्पादक आणि विक्रेते यांच्यावर होणारे दिवाणी दावे बंद केले. मात्र काही फटी ठेवल्या. विक्रेत्याने विक्रीबाबतचा कायदा जाणूनबुजून मोडला असेल आणि त्या मोडण्यातूनच इजा झाली असेल, तर दावा चालतो. ज्याच्या हाती बंदूक देणे धोक्याचे आहे हे कळत होते किंवा कळायला हवे होते, त्याला ती दिली, तरीही चालतो. गेल्या वीस वर्षांतली तिथली लढाई बरीचशी या फटींभोवतीच आहे.

मिलवॉकीचे प्रकरण बघा. मे २००९. अठरा वर्षांच्या पोराला दुकानातून पिस्तूल विकत घेता येत नव्हते. त्यासाठी वय एकवीस लागते. म्हणून तो ओळखीच्या एकाला सोबत घेऊन आला, आणि हवे ते पिस्तूल त्याने स्वतःच दाखवले. केंद्र सरकारच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर प्रश्न असतो: खरा खरेदीदार तुम्हीच का? सोबत आलेल्याने आधी 'नाही' असे उत्तर दिले होते. ते काउंटरवरच दुरुस्त होऊन 'हो' झाले आणि विक्री झाली. महिन्याभरानंतर त्या पिस्तुलाने दोन पोलीस गंभीर जखमी झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये ज्यूरीने दुकानाविरुद्ध जवळपास साठ लाख डॉलरचा कौल दिला. तो टिकवायची पाळी आलीच नाही. पुढे तडजोड झाली. कौलातली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांतले अंतर तिथल्या वकिलांनाही चुकलेले नाही. पण एक खाडाखोड केलेला कागद आणि दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण एवढ्यावर ज्यूरीचे मन वळले, हे आपण टिपून ठेवावे.

मिसुरीतले प्रकरण मला जास्त अस्वस्थ करते. २०१२ साली एका आईने गावच्या बंदुकीच्या दुकानात फोन केला. माझी मुलगी मानसिक आजारी आहे, तिला बंदूक देऊ नका. हे तिचे नाव, ही जन्मतारीख. दोन दिवसांनी मुलगी दुकानात गेली, बंदूक घेऊन घरी आली आणि तासाभरात वडिलांवर गोळी झाडली. वडील गेले. २०१६ मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने साध्या निष्काळजीपणाचा दावा २००५ च्या कायद्याने अडतो असे म्हटले, पण धोका ठाऊक असताना हत्यार सोपवल्याचा दावा विक्रेत्यावरही चालेल असे ठरवले. विकणे म्हणजे सोपवणे नव्हे, पैसे घेतले की माझा संबंध संपला, हा दुकानदाराचा बचाव तिथे संपला. दुकानाने बावीस लाख डॉलरवर तडजोड केली.

याउलट मेक्सिको सरकारने २०२१ मध्ये बॉस्टनला अमेरिकन बंदूक कंपन्यांवर अब्जावधी डॉलरचा दावा लावला. चोरट्या विक्रीला तुमचीच फूस आहे, असा आरोप. ५ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. कायदा मोडून झालेल्या कोणत्या विक्रीला कोणत्या कंपनीने हात दिला, ते दाव्यात कुठेच नव्हते. एवढ्या मोठ्या देशाचा दावा जिथे अडला, तिथे मिलवॉकीच्या दोन पोलिसांचा अडला नाही, कारण त्यांनी एक दुकान, एक दिवस आणि एक फॉर्म धरला.

आता आपला १९५९ चा शस्त्र कायदा या नजरेने पुन्हा उघडा. कलम २ मधली 'हस्तांतर' या शब्दाची व्याख्या आपण सहसा ओलांडून जातो. भाड्याने देणे, उसने देणे, नुसते देणे, ताबा सोडणे, सगळे तीत येते. कलम ५(२) प्रमाणे परवान्याचे हत्यार दुसऱ्याला द्यायचे, तर त्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाणेदाराला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. वरातीतला मामा पंचेचाळीस सेकंदही थांबलेला नसतो. मी समोरच उभा होतो, असे तो म्हणेल आणि कलम ३ च्या परंतुकाकडे बोट दाखवेल. परंतुक नीट वाचा. परवानाधारकासमोर दुसऱ्याला बंदूक नेता येते ती दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी. भाचेजावयाच्या हौसेसाठी नव्हे.

आणि कलम २९(ब). घेणारा हत्यार बाळगायला पात्र आहे, याची आधी खात्री न करता ते त्याच्या ताब्यात देणे हा गुन्हा. कलम फौजदारी आहे, पण खात्री करून घेण्याचे कर्तव्य त्यातच लिहिलेले आहे. डिक्सन विरुद्ध बेलमध्ये न्यायालयाला जे तर्काने शोधावे लागले, ते आपल्याकडे संसदेने लिहून ठेवले आहे. वादपत्रातला कर्तव्याचा परिच्छेद इथूनच सुरू करावा, असे माझे मत आहे. मधल्या माणसाच्या कृत्याने कारणपरंपरा तुटली, हा बचाव येईलच. ज्या धोक्यासाठी खात्री करायला सांगितले होते तोच धोका प्रत्यक्षात आला, हे त्याला उत्तर. दिवाणी न्यायालयात ते संशयातीत सिद्ध करायचे नसते. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले की पुरे.

गावठी कट्टा विकणाऱ्यावर असा दावा लावून हाती फारसे काही लागणार नाही, हे कबूल. त्याचा पत्ताच खरा नसतो. पण परवानाधारकाकडे शेत असते, घर असते, क्वचित पेट्रोल पंपही असतो. परवानाधारक दुकानदाराकडे तर विक्रीची नोंदवही असते. परवाना, जप्ती पंचनामा, वरातीचे मोबाईलवरचे चित्रण, ठाण्यात ५(२) ची सूचना आली होती का याचे उत्तर, हे सारे दोषारोपपत्रासोबत किंवा माहितीच्या अर्जाने वर्षभरात हाती येते. फौजदारी खटल्यासाठी दाव्याला स्थगिती मिळाली तर मिळू द्या. तो मुदतीत दाखल तर झालेला असतो. कोर्ट फी परवडत नसेल तर ऑर्डर ३३ आहे. जमीन विकायची हालचाल दिसली तर ऑर्डर ३८ आहे. फौजदारी न्यायालयाने भरपाई दिलीच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ प्रमाणे ती दाव्याच्या रकमेत हिशेबात धरली जाईल.

ताशेवाल्याच्या बायकोने तो प्रश्न मला खरे तर पहिल्यांदा तेराव्याच्या आसपास विचारला होता. तेव्हा मी तिला म्हणालो होतो, आधी शिक्षा होऊ दे.